अ‍ॅम्प्लिफायरचा हम: कॅपॅसिटर बदलण्याआधी उगम शोधा

गाणं थांबवलं तरी स्पीकरमधून ‘हम्म्’ असा एकसुरी आवाज येत राहतो. सेट दुकानात नेला की बहुतेक वेळा पहिलं उत्तर मिळतं, ‘मेन कंडेन्सर (म्हणजे पॉवर सप्लायचा मोठा कॅपॅसिटर) गेलाय, बदलून टाकू.’ जुन्या सेटच्या बाबतीत ते खरं असूही शकतं. पण हम शिरण्याच्या जागा अनेक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याबाहेर असतात. डबा न उघडता, एकही पार्ट विकत न आणता, दोष कोणत्या टप्प्यात आहे हे अर्ध्या तासात नक्की करता येतं. सोल्डरिंग आयर्न त्यानंतर तापवावं.

इथे दिलेल्या चाचण्या ट्रान्झिस्टर किंवा आयसीवर चालणाऱ्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरसाठी आहेत, मग तो कंपनीचा असो किंवा १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर (मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणाऱ्या) असेंबल केलेला. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतं आणि ते बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये राहतं. तसा सेट असेल तर बाहेरून करायच्या चाचण्या जरूर करा, पण आतलं काम जाणकाराकडे सोपवा.

हे दिसलं तर लगेच प्लग काढा

हम अचानक सुरू झाला, मोठा आहे, व्हॉल्यूम शून्यावर असूनही तितकाच आहे आणि सेट चालू करताच वूफरचा कोन बाहेर किंवा आत जाऊन तिथेच थांबतो, अशी लक्षणं असतील तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आयसी शॉर्ट झाला आहे, नाहीतर प्लस आणि मायनस या दोनपैकी एका सप्लायचा फ्यूज उडाला आहे. स्पीकरवर थेट डीसी येतंय. अर्ध्या मिनिटात व्हॉइस कॉइल जळू शकते. स्पीकर सोडवा आणि सेट दुरुस्त होईपर्यंत परत जोडू नका. खाली जे आहे ते हळूहळू वाढलेल्या किंवा पहिल्यापासून असलेल्या हमसाठी आहे.

५० की १००?

आपल्याकडे मेन्स २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारी चार डायोडची जोडणी, त्या लहरीचे दोन्ही अर्धे भाग वापरतो, त्यामुळे त्याच्यापुढे डीसीवर जी लाट (रिपल) उरते ती १०० हर्ट्झची असते. म्हणूनच हमचा सूर ओळखणं ही पहिली आणि सर्वांत उपयोगी चाचणी. १०० हर्ट्झ असेल तर संशय पॉवर सप्लायवर किंवा ग्राउंडच्या आतल्या वायरिंगवर. ५० हर्ट्झ असेल तर बाहेरचा ग्राउंड लूप (दोन उपकरणं दोन वाटांनी जमिनीला जोडली जाऊन झालेला वेढा), तुटलेलं शिल्ड (केबलभोवतीची धातूची जाळी), ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा आतून तुटलेला (ओपन) एखादा डायोड.

सूर ओळखायला मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या आणि हेडफोन लावून आधी ५०, मग १०० हर्ट्झ वाजवून पाहा. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हे करू नका. तो ५० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप असेल तर फोन वूफरजवळ धरला की पडद्यावर शिखरं दिसतात. छोट्या बुकशेल्फ स्पीकरमधून ५० हर्ट्झ जवळपास ऐकू येत नाही, त्याचे १५० आणि २५० हे गुणकच ऐकू येतात, तेव्हा १५० ला शिखर दिसलं तर मूळ ५० चं समजावं. आणि आवाज गोल ‘हम्म्’ नसून खरखरीत, चिरका ‘झर्र’ असेल तर तो डिमर, जुना इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर किंवा एखाद्या स्वस्त चार्जरचा त्रास असू शकतो. घरातले पंखे, दिवे आणि चार्जर एकेक करून बंद केले की गुन्हेगार सापडतो.

डबा न उघडता

आधी सगळ्या इनपुट केबल काढा. सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, लॅपटॉप, काहीच जोडलेलं नको. फक्त अ‍ॅम्प आणि स्पीकर. व्हॉल्यूम शून्यावर ठेवा.

हम तसाच असेल, तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढच्या भागात तयार होतोय, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये, पॉवर अ‍ॅम्पमध्ये किंवा त्यांच्या ग्राउंडमध्ये. सरळ ‘डबा उघडल्यावर’ या भागाकडे जा.

शून्यावर शांत आहे आणि व्हॉल्यूम वाढवला की हम वाढतो, तर तो आधीच्या भागातून येतोय. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या: उघडं इनपुट थोडं गुणगुणतंच, कारण ते अँटेनासारखं काम करतं. त्यामुळे निष्कर्ष काढण्याआधी इनपुट शॉर्ट करा. दोन आरसीए प्लग घ्या, प्रत्येकात मधली पिन आणि बाहेरची रिंग एका १ किलोओहम रेझिस्टरने जोडा आणि ते डाव्या-उजव्या इनपुटमध्ये लावा. हे दोन प्लग कायम जवळ ठेवावेत असे आहेत. ते लावल्यावर आवाज गेला, तर अ‍ॅम्प निर्दोष. दोष केबलमध्ये किंवा जोडलेल्या उपकरणात. लावूनही हम राहिला, तर टोन (बेस-ट्रेबल) बोर्ड, प्रीअ‍ॅम्प किंवा इनपुट सॉकेटचं ग्राउंड बघायचं.

व्हॉल्यूम शून्यावर आणि पूर्ण टोकाला शांत, पण मध्यावर हम सर्वांत जास्त असेल, तर पॉटपासून (व्हॉल्यूम कंट्रोलपासून) निघणाऱ्या वायरला शिल्ड नाही किंवा पॉटच्या धातूच्या अंगाला ग्राउंड नाही. नॉब काढून दांडीला बोट लावल्यावर हम कमी झाला तर हेच कारण. पॉटच्या पाठीवर थोडं घासून, सिग्नल ग्राउंडवरून आलेली एक वायर डाग देऊन जोडली की काम संपतं.

केबल तपासताना हलवून पाहा. आरसीए केबलमध्ये बाहेरच्या जाळीचा टाका सुटला की गाणं बारीक, पोकळ आणि हम प्रचंड, असं होतं. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या दमट हवेत सॉकेटच्या रिंगवर हिरवट-काळा थर चढतो आणि ग्राउंडचा संपर्क अर्धवट तुटतो. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, प्लगची बाहेरची पाकळी पकडीने किंचित आवळा.

ग्राउंड लूप

अ‍ॅम्प एकटा शांत आणि टीव्ही जोडला की हम, ही तक्रार फार आढळते. कारण केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स वायर. तिचं शिल्ड बाहेर कुठेतरी, केबलवाल्याच्या यंत्रणेत जमिनीला जोडलेलं असतं. तुमच्या अ‍ॅम्पची बॉडी घरच्या अर्थिंगला. दोन्ही ठिकाणच्या ‘जमिनीत’ थोड्या व्होल्टचा फरक असतोच. मग त्या फरकामुळे करंट आरसीए केबलच्या शिल्डमधून वाहतो आणि शिल्डच्या रेझिस्टन्सवर जे व्होल्टेज पडतं ते गाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळतं.

चाचणी सोपी आहे. सेट-टॉप बॉक्सचा पॉवर प्लग नव्हे, मागची कोअ‍ॅक्स वायर काढा. हम क्षणात गेला तर लूप सिद्ध झाला. उपाय तीन. टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर ऑप्टिकल केबल आणि एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा नेहमीचा ऑडिओ करणारी डबी) घ्या. काच किंवा प्लॅस्टिकच्या धाग्यातून विजेचा करंट जातच नाही, त्यामुळे लूप मुळापासून तुटतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ ठेवायला विसरू नका, नाहीतर डॅकमधून काहीच ऐकू येणार नाही. दुसरा उपाय म्हणजे आरसीए लाइनमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ऑडिओ आयसोलेटर. चालतो, पण स्वस्तातल्या आयसोलेटरचा गाभा इवलासा असल्यामुळे बास पातळ होतो. तिसरा उपाय कोअ‍ॅक्समध्येच बसणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. जमत असेल तर ऑप्टिकलच करा.

लॅपटॉपची चाचणी त्याहून सोपी. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर चार्जर कारण आहे. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावर लावल्याने लूप लहान होतो आणि बऱ्याचदा तेवढं पुरतं. नाही पुरलं तर तिथेही आयसोलेटर.

आता एक सवय, जी खरोखर जीव घेऊ शकते. हम घालवायला अ‍ॅम्पच्या तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणं किंवा दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर सेट लावणं. हम जातोही. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं की धातूच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतं आणि फ्यूजही उडत नाही. अर्थ पिन कधीही तोडू नये. लूप सिग्नलच्या वायरमध्ये तोडायचा असतो, सुरक्षेच्या वायरमध्ये नाही.

सॉकेटही तपासा. समोरून पाहिल्यावर अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे हवं. मल्टिमीटरवर फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळपास सारखं यायला हवं आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. डिजिटल मीटर फारच कमी करंट घेतो, त्यामुळे अर्धवट तुटलेलं अर्थिंगही त्यावर ठीक दिसू शकतं. जुन्या चाळीत आणि वाड्यात अर्थची वायर बऱ्याचदा सॉकेटपर्यंत येऊन पुढे कुठेच जोडलेली नसते. शंका असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थ रेझिस्टन्स मोजून घ्या.

दोन पिनांचा सेट असेल तर प्लग उलटा करून पाहा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून बॉडीकडे झिरपणारा करंट फेज कोणत्या टोकाला आहे यावर अवलंबून असतो, आणि नुसत्या उलट्या प्लगने हम निम्मा झाल्याचं आढळतं. जी बाजू शांत, तिथे प्लगवर खूण करा.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर

फोनो इनपुटला नेहमीच्या इनपुटपेक्षा सुमारे १०० पट जास्त गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) असतो, आणि त्यावर आरआयएए इक्वलायझेशन (रेकॉर्डसाठी ठरलेली बास-ट्रेबलची दुरुस्ती) ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत साधारण १७ डेसिबलने आणखी उचलतं. म्हणून इथे हम सर्वांत आधी जाणवतो. प्लेअरची बारीक ग्राउंड वायर अ‍ॅम्पच्या मागच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला आवळलेली आहे ना पाहा. आर्म हाताने थाळीवर नेताना हम कमी-जास्त झाला तर कार्ट्रिज (सुईचा डोका) ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. प्लेअर अ‍ॅम्पच्या डोक्यावर न ठेवता अर्धा-एक मीटर बाजूला ठेवा.

स्पीकरमधून की डब्यातून?

स्पीकरच्या वायरी काढा आणि ऐका. आवाज अजूनही येत असेल तर ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय. ईआय पट्ट्यांचा असेल तर चारही बोल्ट आवळा आणि खाली रबरी वॉशर घाला. टोरॉइडल असेल तर मधला बोल्ट वरच्या झाकणाला टेकत नाही ना हे आवर्जून पाहा. तो खाली आणि वर दोन्हीकडे धातूला लागला तर डब्यासकट एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळतो.

डबा उघडल्यावर

प्लग काढा, पाच मिनिटं थांबा. मग १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्ही पायांना इन्सुलेटेड वायर लावून, मोठ्या कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर दहा सेकंद धरा. मीटरवर १ व्होल्टच्या खाली आलं की मगच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगीने ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) उडतो.

फिल्टर कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा पायाशी तपकिरी ओल असेल तर तो गेलाच. पण न फुगलेलाही आतून वाळलेला असू शकतो. तेव्हा खात्रीचा मार्ग असा: सेट बंद आणि डिस्चार्ज केलेला असताना तितक्याच मायक्रोफॅरड आणि व्होल्टचा नवा कॅपॅसिटर जुन्याच्या समांतर, प्लस-मायनस नीट पाहून क्लिपने जोडा, मग सेट चालू करा. हम स्पष्टपणे कमी झाला तर बदला. काहीच फरक नाही, तर जुना ठीक आहे आणि तुमचे पैसे वाचले. चालू सेटमध्ये क्लिप लावू नका.

हिशेब माहीत असावा. रिपल साधारण करंट भागिले (१०० × कॅपॅसिटन्स) एवढा असतो. ४७०० मायक्रोफॅरडवर १ अँपिअर ओढला तर २.१ व्होल्ट, पण गाणं नसताना, ०.१ अँपिअरवर, फक्त ०.२ व्होल्ट. मीटरने मोजायचं तर एसी रेंजवर, आणि मीटरच्या एका टोकाला ०.१ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा कॅपॅसिटर सिरीजमध्ये घालून, कारण स्वस्त मीटर डीसी अडवत नाहीत आणि भलतंच वाचन दाखवतात. गाणं बंद असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त रिपल मिळाला तर दोष सप्लायमध्ये आहे.

दोन सप्लायपैकी एकावरच रिपल दुप्पट आणि तो ५० हर्ट्झचा, तर ब्रिजमधला एक डायोड आतून तुटलाय. दोन्हीवर ५० हर्ट्झ असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा एक अर्धा भाग तुटलेला असण्याची शक्यता मोठी. मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना एसी सारखं येतं का मोजा. डायोड डायोड-रेंजवर एका दिशेने ०.५ ते ०.७ दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही.

बदलताना व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअस तापमान सोसणारा, आणि पायांमधलं अंतर जुळणारा घ्या. १२-०-१२ वर प्रत्येक बाजूला ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट पुरेसा आहे. एकेरी सप्लायवरच्या कार-टाइप आयसी बोर्डावर रिपल गाळणारा आणखी एक छोटा कॅपॅसिटर असतो, १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा. मोठा बदलूनही हम जात नाही तेव्हा हा वाळलेला सापडतो. तसंच टोन बोर्डावर व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या झेनर डायोडजवळचा कॅपॅसिटर. आणि मोठ्या कॅपॅसिटरचे टाके भिंगाखाली पाहा: सेट इकडून तिकडे हलवला जातो, वजनाने टाक्याभोवती गोल चीर पडते. नुसता टाका ताजा केल्याने कित्येक सेट शांत होतात.

ग्राउंडची वायरिंग

असेंबल केलेल्या सेटमध्ये हम पहिल्या दिवसापासून असेल तर कारण जवळजवळ नेहमी इथे असतं, आणि ते कॅपॅसिटर बदलून जात नाही. उलट वाढू शकतं. का, ते समजून घ्या.

कॅपॅसिटर सतत चार्ज होत नाही. दर १० मिलिसेकंदांत फक्त एक-दोन मिलिसेकंद, लहरीच्या शिखरावर, डायोड उघडतो आणि सगळा करंट एका धक्क्यात येतो. सरासरी ०.१ अँपिअर असेल तर तो धक्का पाऊण अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. दोन्ही सप्लायवरचा भार अगदी सारखा नसेल तर तो ट्रान्सफॉर्मरचं मधलं टोक आणि कॅपॅसिटरांचा मधला बिंदू यांना जोडणाऱ्या वायरीतूनही वाहतो. ही वायर ०.२ चौरस मिलिमीटरची, १० सेंटिमीटर लांब असेल तर तिचा रेझिस्टन्स सुमारे ९ मिलिओहम. वाईटात वाईट धरलं तर पाऊण अँपिअर गुणिले ९ मिलिओहम, म्हणजे जवळपास ७ मिलिव्होल्टचे १०० हर्ट्झचे धक्के. तुम्ही इनपुटचं ग्राउंड या वायरीवर, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जोडलं असेल तर हे ७ मिलिव्होल्ट गाण्यासारखेच आत शिरतात. टीडीए २०३० या पॉवर आयसीच्या नेहमीच्या बोर्डाचा गेन ३२ च्या आसपास असतो, स्पीकरवर ०.२ व्होल्ट हम तयार. शांत खोलीत तो अगदी स्पष्ट ऐकू येतो. आता कॅपॅसिटर ४७०० ऐवजी २२,००० केला तर धक्के अधिक अरुंद आणि उंच होतात. सप्लाय स्वच्छ झाला, ग्राउंड बिघडलं.

उपाय वायर हलवण्याचा आहे. ट्रान्सफॉर्मरचं मधलं टोक थेट दोन कॅपॅसिटरांच्या मधल्या बिंदूवर, जाड वायरने आणा. तिथे दुसरं काहीही जोडू नका. त्या बिंदूपासून १.५ चौरस मिलिमीटरची चार-पाच सेंटिमीटरची एक वायर काढून तिच्या टोकाला सगळ्यांचा एक सामाईक बिंदू करा. स्पीकरचे दोन्ही मायनस, पॉवर बोर्डाचं ग्राउंड, टोन बोर्डाचं ग्राउंड, सगळं स्वतंत्र वायरींनी त्या एका बिंदूवर यावं. स्पीकरचा मायनस बॉडीला किंवा इनपुट सॉकेटजवळ जोडणं ही हमखास चूक.

आरसीए सॉकेट बॉडीपासून वॉशरने वेगळे हवेत. शिल्डेड वायरचं शिल्ड एकाच मार्गाने ग्राउंडला पोचावं. इनपुट सॉकेट, पॉट आणि टोन बोर्ड या तिन्हीकडे शिल्डही जोडलं आणि वेगळी ग्राउंड वायरही टाकली, तर डब्याच्या आतच लूप झाला.

बॉडीला प्लगची अर्थ वायर दातेरी वॉशर घालून थेट बोल्टने आवळा. ग्राउंडचा सामाईक बिंदू मात्र बॉडीला थेट न जोडता मध्ये १० ओहम ५ वॅट रेझिस्टर, त्याच्या समांतर ०.१ मायक्रोफॅरड, आणि समांतर ३५ अँपिअरचा ब्रिज घाला. ब्रिजचे प्लस आणि मायनस एकमेकांना जोडायचे. दोन एसी टोकांपैकी एक ग्राउंडला, एक बॉडीला. नेहमीच्या छोट्या फरकाला १० ओहम अडवतो, त्यामुळे लूपचा हम मरतो. खरा फॉल्ट आला तर डायोड उघडून सगळा करंट अर्थला नेतात आणि फ्यूज उडतो.

ट्रान्सफॉर्मरची जागा आणि ब्लूटूथ प्लेट

बेस-ट्रेबल बोर्ड ट्रान्सफॉर्मरला खेटून असेल तर चुंबकीय क्षेत्र थेट त्याच्या ट्रॅकमध्ये शिरतं. बोल्ट काढा, मेन्सचे जोड नीट स्लीव्हने झाकलेले आहेत याची खात्री करा, सेट चालू करून लाकडी पट्टीने ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवा. एका कोनात हम एकदम खाली येतो. तिथे पक्का करा. दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर मिळालं तर उत्तम. आडवा पत्रा लावायचा तर लोखंडी. अ‍ॅल्युमिनियम ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. सेकंडरीच्या वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या आणि इनपुटची वायर त्यांना काटकोनात ओलांडू द्या.

नंतर बसवलेली यूएसबी-ब्लूटूथ प्लेट गुणगुणापेक्षा शिट्टी आणि टकटक जास्त करते, कारण तिचं सप्लायचं ग्राउंड आणि ऑडिओचं ग्राउंड एकच असतं आणि दोन मार्गांनी अ‍ॅम्पला भिडतं. ७८०५ या ५ व्होल्ट रेग्युलेटर आयसीनंतर बी०५०५एस-१डब्ल्यू हे छोटं आयसोलेटेड कन्व्हर्टर घातलं की सप्लायचा मार्ग तुटतो. ते २०० मिलिअँपिअर देतं, डिस्प्लेवाल्या प्लेटचा करंट आधी मोजून घ्या.

परत चालू करताना

पहिल्यांदा मेन्समध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा: ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. बल्ब काढा, स्पीकर जोडा, इनपुट शॉर्ट करून व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि मिलिव्होल्ट एसी दाखवणाऱ्या मीटरने तिथेच पुन्हा मोजा. दोन मिलिव्होल्टच्या खाली असेल तर एक मीटरवरून काहीही ऐकू येणार नाही. दहाच्या वर असेल तर रात्रीच्या शांततेत जाणवेल. अशा वेळी मीटर तसाच लावून ठेवून एकेक ग्राउंड वायर हलवावी, दर वेळी सेट बंद करून, आणि वाचन लिहून ठेवावं. कान लावल्याशिवाय ऐकू न येणाऱ्या हमच्या मागे लागून चांगला चालणारा बोर्ड पुन्हा पुन्हा डागू नये. तापून ट्रॅक सुटतात.